ओहोटीच्या गावी, फ्लोरामावशींकडे

इंग्लंडहून परतलेल्या माणसाने लंडनचे पूल, राजवाड्यासमोरचे पहारेकरी आणि डॅफोडिल्स यांच्याबद्दल लिहावं अशी अपेक्षा असते. कंपनीच्या कामासाठी बेसिंगस्टोकला दोन वर्षं राहून मी हे सगळं पाहिलं, फोटो काढले आणि आल्यागेल्याला कंटाळा येईपर्यंत दाखवले. वेस्टन-सुपर-मेरचे फोटो मात्र कधी बाहेर काढले नाहीत. लिहितो आहे ते त्याच गावाबद्दल. तुमच्यापैकी कुणी तिथे मुद्दाम जाण्याची शक्यता कमी, म्हणून जरा सविस्तर.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो, नाहीतर पुन्हा राहून जाईल. मी तिथे ऐंशीच्या घरातल्या एका बाईंना एक वाक्य सांगायला गेलो होतो. ते वाक्य असं: "मावशी, तुमच्याविरुद्धच्या ठरावावर माझी सही आहे." बोलायला पाच सेकंद लागतात. मला तीन दिवस लागले, आणि त्या तीन दिवसांत मी गावातलं एकूण एक प्रेक्षणीय स्थळ पाहिलं. या लेखातली माहिती कुणाला भरगच्च वाटली तर त्याचं श्रेय माझ्या भित्रेपणाला द्यावं.

फ्लोरामावशी म्हणजे माझा कॉलेजातला मित्र सॉलोमन, ऊर्फ सॉली, याची आई. आडनाव नागावकर. बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले, पिढ्यान्‌पिढ्या मराठीच बोलत आलेले ज्यू. ठाण्यात दोन खोल्यांत भाड्याने राहायचे. पंचवीसेक वर्षांपूर्वी आमच्या इमारतीतला तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट त्यांनी घ्यायचं ठरवलं. सोसायटीचं नाव 'सहजीवन'. हसू नका. कमिटीने ठराव केला की इमारतीचं शाकाहारी वातावरण पाहता नव्या सभासदास मान्यता देता येत नाही. मी सेक्रेटरी होतो आणि त्या काळात रोज संध्याकाळी स्टेशनबाहेर ऑम्लेट-पाव खात होतो. सात जणांच्या कमिटीत सहा सह्या झाल्या, त्यातली एक माझी. सातवे गोखले. शेंडीवाले, सोवळ्यात जेवणारे. "ती माणसं आपल्याइतकीच स्वच्छ राहतात, मी सही करणार नाही," एवढं बोलून ते उठून गेले.

त्याच संध्याकाळी मी सॉलीला सांगितलं, "गोखले अडून बसले रे. मी खूप भांडलो." गोखल्यांचंच नाव का घेतलं? शेंडी होती ना. कुणालाही पटलं असतं, आणि पटलंच.

पुढे नागावकर कुटुंब इंग्लंडला गेलं, लंडनजवळ इल्फर्डला. मी बेसिंगस्टोकला आल्यावर कुठूनसा माझा नंबर मिळवून सॉलीने फोन केला. तासभर बोललो. ठेवता ठेवता तो म्हणाला, "आई दर वर्षी मलिद्यात तुझं नाव घेते, माहितेय? आमच्यासाठी भांडणारा एकच माणूस म्हणून." मलिदा म्हणजे गोड पोह्यांचं आणि फळांचं ताट. प्रेषित एलियाच्या नावाने ठेवतात, नवस फेडायला, आभार मानायला. वीस-पंचवीस वर्षं माझे आभार मानले जात होते, थेट वरपर्यंत.

मे महिन्यात मावशींचाच फोन आला, वेस्टनहून; आता त्या तिथे एकट्या राहत होत्या. "रविवारी मलिदा ठेवतेय. ह्या खेपेला तू समोर पाहिजेस. शुक्रवारीच ये." मी हो म्हणालो. माझं नाव घेतलं जायच्या आत ते वाक्य बोलायचं, एवढं ठरवून निघालो.

शुक्रवार

रेडिंगला गाडी बदलून दुपारी वेस्टनला पोचलो. या रेल्वेची एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. लोहमार्ग आला तेव्हा इथल्या जमीनदारांना धुराचं इंजिन नको होतं, म्हणून मुख्य मार्गापासून गावापर्यंतचे डबे घोडे ओढायचे. चालत निघालेला माणूस आधी पोचायचा असं सांगतात. मला ती व्यवस्था फार आवडली असती.

त्याआधी हे गाव म्हणजे कोळ्यांच्या थोड्याफार झोपड्या. मग इंग्लंडातल्या डॉक्टरांना शोध लागला की समुद्राच्या पाण्यात बुडी मारल्याने, आणि चक्क ते पाणी प्यायल्याने, सगळे रोग बरे होतात. श्रीमंत मंडळी येऊ लागली. चाकांवरच्या लाकडी खोल्यांत बसून बायका पाण्यापर्यंत जायच्या, म्हणजे त्यांना कुणी पाहू नये. नंतर गिरणी-कारखान्यांतले कामगार सुट्टीला यायला लागले, तेव्हा श्रीमंत दुसरीकडे गेले. रोग तेवढे सगळ्यांकडेच राहिले.

मावशींचा फ्लॅट एका खोलीचा, म्हणून मी समुद्राजवळच्या गेस्ट हाउसमध्ये उतरलो. त्या रस्त्यावर ओळीने अशीच घरं, आणि खिडक्यांत पाट्या: जागा आहे, जागा नाही. एके काळी इथे आयरिश आणि आपल्यासारख्या काळ्या-सावळ्या लोकांना 'जागा नाही' म्हणायचे, हे मी एका पुस्तकात वाचलं होतं, आणि वाचून मला संतापही आला होता. मालकीणबाईंनी मात्र पासपोर्टसुद्धा न पाहता किल्ली दिली आणि विचारलं, "सकाळी बेकन चालेल ना?"

सामान टाकून समुद्र बघायला गेलो. समुद्र नव्हता. खरंच नव्हता. लांबलचक फरसबंदी रस्ता, बाकं, आइस्क्रीमच्या गाड्या, वाळू, वाळूपलीकडे मैलभर तपकिरी चिखल, आणि त्याच्याही पलीकडे एक चकाकती रेघ. जगातल्या सर्वांत मोठ्या भरती-ओहोटींपैकी एक इथली. रोज दोनदा समुद्र गाव सोडून जातो आणि लोक खुर्च्या टाकून तो गेलेल्या जागेकडे बघत बसतात.

किनाऱ्यावरच्या टपरीत व्हिनेगरमधल्या शिंपल्या मिळत होत्या. कोकणातल्या बाई, खूश होतील, म्हणून एक डबा घेतला आणि मावशींच्या दारात उभा राहिलो.

मावशी वाळल्या होत्या, पण आवाज तोच. "अगंबाई, केस कुठे गेले तुझे?"

मी डबा पुढे केला. झाकण उघडून त्यांनी आत पाहिलं आणि खुर्चीत बसून हसत सुटल्या.

"अरे प्रकाश, ह्या आम्ही खात नाही. खवले नाहीत ना ह्यांना, बिनखवल्याचं आमच्या धर्मात चालत नाही. कोळंबी नाही, शिंपली नाही, चिंबोरी नाही. इतकी वर्षं जेवलास माझ्या घरी, कधी दिसली तुला?"

नव्हती दिसली. त्यांच्या घरात काय शिजतं यावर मी ठराव लिहिला होता, आणि काय शिजत नाही याचा मला पत्ता नव्हता.

"असू दे, शेजारचं मांजर खाईल," मावशी म्हणाल्या.

इथे का राहता, असं मी विचारलं. त्या इल्फर्डच्या एका इस्पितळाच्या धोबीखान्यात कामाला होत्या. एकदा तिथल्या बायकांची सहल वेस्टनला आली. "बाकीच्या नाक मुरडत होत्या, शी, चिखल म्हणून. मी म्हटलं, अगं, ही तर ठाण्याची खाडी! तोच रंग, तोच वास. आख्ख्या विलायतेत एवढा एकच समुद्र मला ओळखीचा निघाला. रिटायर झाले आणि आले."

बाहेर चांगलं ऊन असतानाच, घड्याळ बघून, त्यांनी शब्बाथचे, म्हणजे शनिवारी रात्री संपणाऱ्या विश्रांतीच्या दिवसाचे, दिवे लावले. ओढणी डोक्यावर घेतली, डोळ्यांवर हात धरून काही पुटपुटल्या. मग बांगड्याचं नारळाच्या दुधातलं कालवण आणि भात. जेवताना दोनदा मी "मावशी, एक सांगायचं होतं" असं म्हणालो. पहिल्या वेळी त्यांनी आणखी एक तुकडी वाढली. दुसऱ्या वेळी म्हणाल्या, "कामाचं असेल तर शब्बाथ संपल्यावर. शुक्रवारी घरात जड बोलायचं नाही." मला इतकं हलकं वाटलं की मी तिसऱ्यांदा भात घेतला.

शनिवार

सकाळी मावशी विश्रांती घेणार होत्या, त्यामुळे मला कर्तव्यापासून अधिकृत सुट्टी होती. ती मी सत्कारणी लावली.

आधी मोठा पिअर, म्हणजे लोखंडी खांबांवर समुद्रात लांबवर नेलेला लाकडी धक्का. जहाजं लागावीत म्हणून बांधलेला, पण पाणी टिकेल तर जहाज लागणार. मग त्यांनी टोकाला जत्रा भरवली: आरसे, पाळणे, नाणी गिळणारी यंत्रं. लोक समुद्राकडे जायला पैसे भरतात आणि टोकाला पोचल्यावर छपराखाली शिरून समुद्राकडे पाठ करतात.

वाळूवर गाढवं होती. कपाळपट्टीवर प्रत्येकाचं नाव, गळ्यात घुंगरू. मुलांना पाठीवर घेऊन शंभर पावलं जायचं, वळायचं, शंभर पावलं परत यायचं. गाढववाला म्हणाला की हा धंदा त्याच्या पणजोबांपासून चालत आला आहे. आपल्याकडे गाढवावर बसवणं ही शिक्षा असते, असं मी त्याला सांगितलं. तो गंभीरपणे म्हणाला, "सर, मोठ्या माणसांना आम्ही बसवत नाही. वजन झेपत नाही त्यांना." मी पुढे गेलो.

उत्तरेच्या टोकाला जुना पिअर आहे, एका छोट्या बेटापर्यंत जाणारा, आता बंद. समोरच्या किनाऱ्यावर वेल्स दिसतं. तिथे पूर्वी रविवारी दारूची दुकानं बंद ठेवत, म्हणून वेल्समधले लोक बोटीने इथे येत आणि तिथला उपवास इथे सोडत. सोवळं एका काठावर आणि चैन दुसऱ्या काठावर, ही सोय मला ऑम्लेटच्या गाडीमुळे लगेच कळली.

पाण्यात लांब दोन बेटं दिसतात. त्यातल्या एकावरून एका इटालियन तरुणाने समुद्रावरून पहिला बिनतारी संदेश पाठवला. संदेश होता: तयार आहात का? रेलिंगला टेकून मी प्रामाणिकपणे उत्तर दिलं की नाही.

दुपारी मावशी मला घेऊन फिरायला बाहेर पडल्या. त्यांच्या ठरलेल्या बाकावर मॉरीन नावाची त्यांची इंग्रज मैत्रीण बसली होती, गुडघ्यावर शाल, हातात चहाचा थर्मास. मावशींनी माझी ओळख करून दिली. इंग्रजी त्यांचं, पण चाल मराठी. "मॉरीन, धिस इज द बॉय आय टोल्ड यू. फॉर अस ही फॉट विथ द होल बिल्डिंग."

मॉरीनने माझा हात आपल्या दोन्ही हातांत धरला. "यू ब्रेव्ह, ब्रेव्ह मॅन," ती म्हणाली, आणि तिचे डोळे भरून आले. मग दोघी मिळून गोखल्यांना बोलल्या. मॉरीनला 'गोखले' नीट म्हणता येत नव्हतं, पण तिरस्कार अगदी शुद्ध होता. मावशींनी शेंडीची नक्कल केली. मी थर्मासमधला चहा प्यायलो. खोटं मी एकदाच बोललो होतो, तेही मराठीत, ठाण्यात, एका माणसाशी. इथे ते इंग्रजी शिकून, पेन्शनीत निघून, समुद्रकिनारी आरामात राहत होतं.

शेवटी मी म्हणालो, "मी जरा पाण्यापर्यंत जाऊन येतो."

"चिखलाची पाटी वाच," मावशी म्हणाल्या.

पाटीवर धोका असं लाल अक्षरांत लिहिलं होतं. ती वाचूनच मी गेलो. वाळू संपली, ओल लागली, आणि बरंच पुढे गेल्यावर उजवा पाय पोटरीपर्यंत आत गेला. ओढला तर पाय आला, बूट नाही. हात घालून शोधला तर हातही काळा. किनाऱ्यावर गाढववाला दोन्ही हातांनी मागे ये, मागे ये अशी खूण करत होता. एका बुटानिशी परतलो तेव्हा मॉरीन म्हणाली, "सच अ ब्रेव्ह मॅन." मावशी मात्र माझ्या मोज्याकडे बघत म्हणाल्या, "एवढं काय पळून जायचं होतं रे तुला?"

त्या थट्टेने म्हणाल्या. मी मोजा पिळायला लागलो.

रविवार

सॉली सकाळीच गाडी घेऊन आला. पोट सुटलेलं, गालावर पांढरी खुंटं, आणि दोन पिशव्या फळं. "पक्या! साल्या, तू तर म्हातारा झालास, मेट!" मिठी मारली आणि सोडेचना. "आईने काल सगळ्या सीफ्रंटवर तुझी मिरवणूक काढली म्हणे?"

स्वयंपाकघरात मला नारळ खवायला बसवलं. मावशींनी पोहे भिजवून निथळत ठेवले, त्यात खोबरं, साखर, वेलची, बदामाचे काप घातले. मोठ्या ताटात मधोमध पोह्यांची रास, भोवती खजूर, केळी, सफरचंद, द्राक्षं, वर गुलाबाच्या पाकळ्या. पांढरं कापड अंथरून ताट ठेवलं. सॉलीने टोपी घातली, प्रार्थनेचं पुस्तक उघडलं.

"आता नावं," मावशी म्हणाल्या. त्यांच्या घरची ही पद्धत. आधी कुणाकुणासाठी दुवा मागायची ती नावं सांगायची. त्यांनी नवऱ्याचं नाव घेतलं, सॉलीचं, त्याच्या मुलींची. मग माझ्याकडे वळून हसल्या आणि तोंड उघडलं.

"मावशी, माझं नाव घेऊ नका."

"का रे? लाजतोस?"

"तुमच्याविरुद्धच्या ठरावावर माझी सही आहे."

बोललो. पाच सेकंदसुद्धा लागले नाहीत. मग उरलेलंही बोललो: भांडलो वगैरे काही नाही, तोंडातून शब्द काढला नाही, सहा सह्या झाल्या, सही न करणारा माणूस एकच होता आणि तो गोखले.

सॉलीने पुस्तक मिटलं. "यू आर जोकिंग. पक्या, मी तुझ्या खांद्यावर रडलो होतो त्या दिवशी. स्टेशनच्या जिन्यात. तू मला चहा पाजलास!"

"हो."

"ट्वेंटी-फाइव्ह इयर्स, यार." तो उठून खिडकीपाशी गेला आणि पाठ करून उभा राहिला.

मावशी ताटाकडे बघत होत्या. एक पाकळी द्राक्षांवरून घसरली होती, ती त्यांनी उचलून जागेवर ठेवली. "गोखल्यांनी सही नाही केली?"

"नाही."

"मी त्यांना भेटले होते रे," त्या म्हणाल्या. आवाज एकदम खाली आला. "आम्ही इकडे यायच्या आदल्या आठवड्यात. मार्केटात. वांगी निवडत होते. मी भर बाजारात बोलले त्यांना. म्हटलं, तुमचं सोवळं तुम्हाला लखलाभ, माझ्या पोरांची हाय लागेल तुम्हाला. लोक जमले."

हे मला माहीत नव्हतं. सॉलीलाही नसावं. तो वळला.

"मग? ते काय म्हणाले?" मी विचारलं.

"काही नाही. माझ्या पिशवीचा बंद तुटला होता, बटाटे पडले होते. त्यांनी वाकून सगळे बटाटे गोळा करून दिले, आणि गेले."

एक शब्द बोलले असते तर त्यांची सुटका होती. सेक्रेटरीला विचारा, एवढंच. तेवढंही गोखले बोलले नाहीत, आणि त्यानंतर कितीतरी वर्षं जिन्यात भेटलो की मला "काय सेक्रेटरी, बरं आहे ना?" असं विचारत राहिले.

"हयात आहेत?" मावशी म्हणाल्या.

"नाहीत. आठ-दहा वर्षं झाली."

"त्यांचं पूर्ण नाव काय?"

"वामन विष्णू गोखले."

"सॉलोमन, बस इकडे. नाव घे. वामन, विष्णूचा मुलगा."

"आई, गेलेल्या माणसासाठी प्रेयर वेगळी असते."

"मग वेगळी म्हण. पुस्तकात आहे ना?"

सॉलीने नाक पुसलं, पानं उलटली आणि म्हटलं. हिब्रू मला येत नाही. सगळ्या अनोळखी शब्दांत तेवढं एक नाव कळलं. माझं नाव त्या वर्षी कुणी घेतलं नाही. मग एलियाचं गाणं झालं, मावशी बसल्या आवाजात मागून म्हणत होत्या.

ताटल्या भरल्या गेल्या. पहिली सॉलीला, दुसरी शेजारणीसाठी झाकून ठेवली, तिसरी माझ्यापुढे आली. मी हात पुढे केला नाही.

"घे," मावशी म्हणाल्या. "मलिद्याला कुणाला नाही म्हणत नाही आम्ही."

मी खाल्ला. प्रवासवर्णनात चवीबद्दल लिहितात, म्हणून लिहितो: पोहे मऊ, खोबरं ताजं, वेलची जरा जास्त.

मी निघायचं बघत होतो. सॉली सोडायला येईल अशी आशा नव्हती, आणि स्टेशन चालत वीस मिनिटांवर होतं. मावशींनी टेबल पुसलं, खणातून रेघांचा कागद आणि पेन काढलं आणि माझ्यासमोर ठेवलं.

"गोखल्यांच्या मागे कोण आहे?"

"मुलगी. डोंबिवलीला असते."

"लिही तिला. माझा हात कापतो आता. ठराव कुणी लिहिला होता?"

"मीच."

"म्हणजे जमेल. मी सांगते, तू उतरव. चि. सौ. काय नाव तिचं?"

"सुनंदा."

"चि. सौ. सुनंदा हिस, फ्लोरा नागावकरचे आशीर्वाद. तुझ्या वडिलांना मी भर बाजारात नको ते बोलले. ते खोटं होतं. खरं काय ते हे पत्र लिहिणारा मनुष्य आता स्वतः सांगेल." त्या थांबल्या. "आता तुझं तू लिही. सगळं. मी चष्मा लावून वाचणार आहे."

पाऊण तास गेला. सॉलीने दोनदा चहा केला, दर वेळी तीन कप. माझ्यासमोर कप ठेवताना बोलला नाही, पण साखर किती ते त्याला आठवत होतं. मी लिहिलं, मावशींनी वाचलं, एका ठिकाणी बोट ठेवून म्हणाल्या, "'परिस्थितीमुळे' हे खोड." मी खोडलं. त्यांनी पुन्हा वाचलं, कागद माझ्याकडे सरकवला.

"खाली सही कर. पूर्ण नाव."

पेन कागदाला टेकलं आणि तिथेच राहिलं.

"काय झालं?" मावशी म्हणाल्या. "सवय आहे ना तुला?"

मी सही केली.